आर्कन्सॉ नदीचा अंतःप्रवाह : एक तंटा, एक मापन व दोन निवाडे

१

उन्हाळ्यांत ओढा आटला म्हणजे त्याच्या वाळूंत हातभर झिरा उकरावयाचा, पहिलें गढूळ पाणी उपसून टाकावयाचें आणि मागाहून निवळ पाणी येऊं लागलें म्हणजे तें वाटीवाटीनें घागरींत भरावयाचें, हा क्रम महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. ओढ्याच्या कांठीं बुडकी खणून तिच्यावर मोट चालविणारा शेतकरी हेंच ज्ञान वेगळ्या रीतीनें वापरीत असे. गयेस श्राद्धाकरितां जाणाऱ्या यात्रेकरूंस फल्गूची वाळू हातानें उकरून पाणी घेण्याचा अनुभव आहे. म्हणूनच त्या नदीस अंतःसलिला म्हणतात. वराहमिहिरानें तर बृहत्संहितेंत दकार्गल या नांवाचें स्वतंत्र प्रकरण घालून भूमीखालील जलशिरांचीं लक्षणें वृक्ष, वारुळें व माती यांवरून सांगितलीं आहेत. तात्पर्य, नदीचें पाणी तिच्या पात्राच्या तळाशीं संपत नाहीं, ही गोष्ट आपल्या लोकांस नवी नाहीं.

परंतु पाणी आहे हें जाणणें निराळें, आणि तें किती आहे, कोणत्या दिशेस जातें व दिवसांत किती चालतें हें मोजून सांगणें निराळें. पाणी विपुल असतें तोंपर्यंत हा भेद कोणास जाणवत नाहीं. दोन गांवांत किंवा दोन राज्यांत तंटा उपस्थित झाला म्हणजे मात्र सर्व वाद याच भेदावर येऊन ठेपतो. निवाडपत्रें, महजर व करीने यांचा संग्रह करणाऱ्या वाचकांस हें सांगावयास नकोच. प्रस्तुत लेखांत अशाच एका तंट्याची हकीकत द्यावयाची आहे. तंटा आपल्याकडील नव्हे. तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कॅन्सस व कोलोरॅडो या दोन संस्थानांमधील आहे. त्याचा पहिला निवाडा इ. स. १९०७ मध्यें झाला व दुसरा महत्त्वाचा निवाडा इ. स. १९९५ मध्यें झाला. पहिल्यांत कॅन्सस हरलें व दुसऱ्यांत जिंकलें. दोन्ही वेळां मुख्य प्रश्नाच्या मुळाशीं एकच गोष्ट होती : नदी आणि तिच्या खालचें व बाजूचें भूगत पाणी यांचा संबंध काय ?

२

आर्कन्सॉ नदी कोलोरॅडोंत रॉकी पर्वतांमध्यें लेडव्हिल गांवाच्या परिसरांत उगम पावते, पूर्वेकडे मैदानांत उतरून कॅन्ससांत शिरते आणि पुढें ओक्लाहोमा व आर्कन्सॉ या संस्थानांतून वाहत जाऊन मिसिसिपीस मिळते. तिची एकंदर लांबी साडेचौदाशें मैलांच्या वर भरते. नांवाविषयीं एक बारीकशी गोष्ट येथेंच नमूद करणें बरें. लिहिण्यांत नांव एकच असलें तरी कॅन्ससचे लोक आपल्या हद्दींत या नदीस ‘आरकॅन्झस’ म्हणतात. इतरत्र ‘आर्कन्सॉ’ असा उच्चार रूढ आहे. लेखांत दुसरा उच्चार ठेविला आहे.

पश्चिम कॅन्ससांत गार्डन सिटी या गांवाजवळ नदीचें पात्र रुंद, उथळ व वाळूचें आहे. पात्राच्या खालीं व दोहों बाजूंस वाळू व गोटे यांचे जाड थर पसरलेले आहेत. दक्षिणेस वाळूच्या टेकड्यांची रांग आहे, उत्तरेस सपाट माळ आहे. पाऊस बेताचा. इ. स. १८८० च्या सुमारास येथें वसाहतवाल्यांनीं नदीवरून पाट काढण्यास आरंभ केला. त्याच काळांत वरच्या अंगास कोलोरॅडोंतही पाट वाढत गेले, आणि त्यामुळें ऐन गरजेच्या दिवसांत खालच्या पाटांस पाणी मिळेनासें झालें.

अशा अडचणींत एका समजुतीनें लोकांच्या मनांत घर केलें. नदी वर आटली तरी तिच्याखालीं दुसरी, गुप्त नदी अखंड वाहते; रॉकी पर्वतांवरील बर्फाचें पाणी तीमधून शेंकडों मैल येतें; तें कधीं संपावयाचें नाहीं; केवळ वर काढावयाचा अवकाश आहे, अशी ती समजूत होती. या कल्पित प्रवाहास तिकडे जें नांव पडलें त्याचा अर्थ ‘अंतःप्रवाह’ असाच आहे. समजूत इतकी प्रबळ होती कीं इ. स. १८९० मध्यें काँग्रेसनें शेतकी खात्याकडून कारंजी विहिरी व अंतःप्रवाह यांची सरकारी चौकशी सुरू करविली.

३

तंट्याची कायदेशीर बाजू समजण्यास थोडी पूर्वपीठिका पाहिजे. इंग्रजी कायद्यानें पाण्याचे दोन वर्ग केले होते. ठरीव मार्गानें वाहणारें पाणी, मग तें भूमीवर असो कीं भूमीखालीं, हा एक वर्ग. त्यावर कांठच्या मालकांचे परस्परांविरुद्ध हक्क चालतात. मातींतून ठरीव मार्गावांचून झिरपणारें पाणी हा दुसरा वर्ग. तें ज्याच्या जमिनींत सांपडेल त्यानें खुशाल उपसावें.

या नियमाची कसोटी इ. स. १८५९ मध्यें लागली. क्रॉयडन येथील स्थानिक मंडळानें गांवाच्या पाण्यासाठीं विहीर खणली, आणि वँडल नदीवर बहुत वर्षें चालत आलेल्या एका गिरणीचें पाणी कमी झालें. विहिरीनें काढलेलें पाणी एरवीं झिरपत नदीसच मिळालें असतें, ही गोष्ट वादग्रस्त नव्हती. तरीही हाउस ऑफ लॉर्ड्सनें गिरणीवाल्याचा दावा फेटाळला. झिरपणाऱ्या पाण्यास निश्चित मार्ग नाहीं, म्हणून त्यावर हक्क बसूं शकत नाहीं, हें त्याचें सार. हाच भेद पुढें इ. स. १८८२ च्या हिंदी ईझमेंट्स ॲक्टांत आला आणि इ. स. १८९१ मध्यें तो कायदा मुंबई इलाख्यास लागू झाला. म्हणजे आपल्याकडील विहिरींच्या तंट्यांवरही त्याची छाया पडलेली आहे.

कॅन्ससनें अंतःप्रवाहाची गोष्ट न्यायालयापुढें कां मांडली, हें आतां ध्यानांत येईल. भूमीखालचें पाणी नुसतें झिरपणारें न ठरतां ठरीव पात्राची एक दुसरी नदी ठरलें, तर त्यावर नदीचे सर्व हक्क लागू होणार होते.

४

इ. स. १९०१ मध्यें कॅन्ससनें कोलोरॅडोविरुद्ध थेट संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयांत फिर्याद दाखल केली. कोलोरॅडोनें तीस प्राथमिक हरकत घेतली, ती इ. स. १९०२ मध्यें निकालांत न घेतां पुरावा घेण्याचें ठरलें. पुढें मध्यवर्ती सरकारनेंही आपला स्वतंत्र हक्क सांगून वादांत प्रवेश केला. तीनशेंहून अधिक साक्षीदार तपासण्यांत आले व त्यांच्या साक्षी आठ हजारांहून अधिक टंकलिखित पृष्ठांत भरल्या. एका नदीच्या इतिहासाचें एवढें मोठें दप्तर क्वचितच कोठें एकत्र झालें असेल.

निवाडा ता. १३ मे १९०७ रोजीं न्यायमूर्ति डेव्हिड ब्रूअर यांनीं सांगितला. हे न्यायमूर्ति स्वतः कॅन्ससचेच रहिवासी होते, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. कोलोरॅडो म्हणत होतें कीं आपल्या हद्दींतील पाणी सर्वस्वी आपलें. तें न्यायालयानें मानलें नाहीं. दोन्ही संस्थानें समान दर्जाचीं असून नदीची वांटणी न्यायबुद्धीनें झाली पाहिजे, हें तत्त्व या निवाड्यानें घालून दिलें. तथापि कोलोरॅडोच्या पाटांमुळें तेथें झालेला लाभ व कॅन्ससच्या कांहीं तालुक्यांस पोंचलेली हानि यांची तुलना करतां हानि एवढी मोठी नाहीं कीं मनाईहुकूम द्यावा, असें ठरून फिर्याद काढून टाकण्यांत आली. पुढें हानि वाढल्यास कॅन्ससनें पुन्हा यावें, ही मोकळीक ठेवण्यांत आली.

अंतःप्रवाहाविषयींचें न्यायालयाचें मत असें : ज्या नदीचा तळ सलग खडकाचा नसून वाळूचा व गोट्यांचा आहे, तिच्याखालीं पाणी सांपडावयाचेंच, माती जितकी सैल तितकें तें अधिक सांपडेल. परंतु तेवढ्यावरून तेथें दुसरी भूगत नदी आहे असें म्हणतां येत नाहीं. तें कोणत्याही वाळूमय पात्राखालीं आढळणारें सांठलेलें पाणी होय. येणेंप्रमाणें कॅन्ससची दुसरी नदी कागदावरून नाहींशी झाली.

५

न्यायालयांत साक्षी चालू असतां त्याच सुमारास प्रत्यक्ष नदीकांठीं दुसऱ्या प्रकारची साक्ष घेण्याचें काम चाललें होतें. तें करणारे गृहस्थ म्हणजे विस्कॉन्सिन विद्यापीठांतील गणिताचे अध्यापक चार्ल्स समनर स्लिक्टर (१८६४–१९४६). अमेरिकन भूगर्भसंशोधन खात्याकरितां त्यांनीं भूगत जलाच्या गतीचें गणित पूर्वींच मांडलें होतें. त्यांचा याविषयींचा सुबोध ग्रंथ इ. स. १९०२ मध्यें प्रसिद्ध झाला होता.

त्यांच्या गणिताचा पाया हेन्री दार्सी या फ्रेंच इंजिनिअरानें घातलेला होता. दार्सीनें दिजाँ शहरास नळाचें पाणी आणलें, आणि वाळूच्या गाळण्या बांधण्याच्या निमित्तानें वाळू भरलेल्या उभ्या नळांतून पाणी सोडून प्रयोग केले. इ. स. १८५६ मध्यें दिजाँच्या सार्वजनिक कारंजांवरील आपल्या ग्रंथाच्या परिशिष्टांत त्यानें नियम दिला : वाळूंतून जाणाऱ्या पाण्याचें परिमाण हें दोहों टोकांकडील पाण्याच्या उंचीच्या फरकाच्या प्रमाणांत वाढतें व वाळूच्या थराच्या जाडीच्या प्रमाणांत घटतें. वाळू कोणत्या जातीची आहे यावरून एक गुणक ठरतो. नदीच्या तळांतून होणाऱ्या देवघेवीचें आजचें सर्व मापन याच नियमावर उभें आहे.

स्लिक्टर यांनीं इ. स. १९०४ च्या उन्हाळ्यांत गार्डन सिटीच्या परिसरांत काम केलें. त्यांची रीति वाचकांस मनोरंजक वाटेल, कारण तींत वापरलेलें मुख्य द्रव्य आपल्या कल्हईवाल्याच्या पेटींतलें नवसागर होतें. एक बारीक नळीची विहीर वरच्या अंगास ठोकावयाची. तिच्यापासून सुमारें चार फुटांवर खालच्या अंगास तीन नळ्या कमानीच्या आकारांत ठोकावयाच्या. वरच्या नळींत नवसागर सोडावयाचा. खालच्या प्रत्येक नळीच्या आंत एक पितळी दांडी नळीस न लागेल अशी टांगावयाची आणि दांडी व नळी यांमधून विजेचा प्रवाह सोडून मापक यंत्रावर त्याचें मान पाहत बसावयाचें. क्षारयुक्त पाणी वीज अधिक वाहतें. म्हणून नवसागर येऊन पोंचला म्हणजे यंत्राचा कांटा एकाएकीं चढतो. तीन नळ्यांपैकीं ज्या नळींत तो चढला ती दिशा, आणि अंतरास लागलेल्या काळानें भागिलें म्हणजे गति. यापूर्वीं जर्मनींत अडोल्फ थीम यांनीं मीठ सोडून व वारंवार पाण्याचे नमुने काढून त्यांची रासायनिक परीक्षा करून गति काढली होती. विजेच्या योजनेनें नमुने काढण्याची यातायात वांचली व पाणी ढवळलें जाण्याचा दोषही टळला.

या मापनाचे निष्कर्ष इ. स. १९०६ मध्यें छापले गेले. त्यांतील मुख्य असे : भूगत पाणी खोऱ्याच्या दिशेनें चोवीस तासांत सरासरी ८ फूट चालतें. पाण्याच्या पातळीचा उतार पूर्वेकडे दर मैलास साडेसात फूट व नदीकडे दर मैलास दोन ते तीन फूट आहे. हें चालतें पाणी पात्रापुरतें नाहीं. त्याची उत्तरेस किंवा दक्षिणेस हद्द आढळली नाहीं. नदीस पूर आला तरी भूगत पातळीवर त्याचा परिणाम पात्रापासून अर्ध्या मैलापर्यंतही पोंचत नाहीं. एका जोरदार पावसानें पुरापेक्षां अधिक भर पडते. वालुकामय सखल जमिनीवर पडणाऱ्या साधारण पावसापैकीं शेंकडा ६० भाग पाण्याच्या पातळीस जाऊन मिळतो. म्हणजे अंतःप्रवाहाचा उगम दूरच्या पर्वतांत नसून दक्षिणेकडील वाळूच्या टेकड्या, खोऱ्यांतील सखल भाग व उत्तरेकडील माळ यांवर पडणाऱ्या पावसांतच आहे.

लोकसमजुतीची परीक्षा येथें एका साध्या गुणाकारानें होते. मैलाचे फूट ५,२८०. दिवसास ८ फूट या मानानें एक मैल चालण्यास ६६० दिवस, म्हणजे पावणेदोन वर्षांहून अधिक काळ लागतो. शंभर मैलांस सुमारें १८० वर्षें. यंदाच्या हिमवृष्टीचें पाणी यंदाच्या पिकास भूमीखालून येऊन मिळेल ही आशा मग किती फोल, हें निराळें सांगावयास नको.

६

न्यायालयाचा निवाडा व स्लिक्टर यांचें मापन एकमेकांजवळ ठेवून वाचिलीं असतां एक महत्त्वाची गोष्ट दिसून येते. दुसरी नदी नाहीं, या बाबतींत दोहोंचें एकमत आहे. परंतु त्यापलीकडे दोघेही एक शब्द अधिक सांगून गेले आहेत. न्यायालय म्हणतें, खालचें पाणी हें नदीच्या पात्राखालीं स्वभावतःच असावयाचें. स्लिक्टर म्हणतात, या पाण्याचा उतार नदीकडे आहे. दोन्ही विधानें एकत्र केलीं म्हणजे त्यांतून निघणारा अर्थ असा कीं, दोन नद्या नसून पाणी एकच आहे. कोठें तें भूमीवर दिसतें व कोठें भूमीखालीं. आणि पाणी एकच असेल, तर बाजूच्या विहिरींतून उपसलेलें पाणी आज ना उद्यां नदीच्या हिशेबांतून वजा होणारच. हें अनुमान इ. स. १९०७ मध्यें कोणी काढलें नाहीं, कारण त्याची गरज पडली नव्हती. विहिरी थोड्या होत्या व तंटा पाटांचा होता. पण ज्या विचारसरणीनें कॅन्ससचा एक मुद्दा गेला, तिच्यांतच त्याच्या पुढील विजयाचें बीज होतें, असें आमचें मत आहे.

दुसरी गोष्ट लेखांचा काळ पाहून अर्थ करण्याविषयींची. गार्डन सिटीच्या सार्वजनिक विहिरीची आवक १८९९ मध्यें जेवढी होती तेवढीच १९०४ मध्यें आढळली. मागील पांच वर्षांत अंतःप्रवाह घटल्याचें चिन्ह नाहीं, असें स्लिक्टर यांनीं लिहून ठेविलें. तें त्या पांच वर्षांपुरतें खरें होतें. त्यावरून पाणी कधींच घटणार नाहीं असें कोणी मानील तर तो दोष लेखाचा नव्हे, वाचणाराचा होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खोल विहिरींवरील पंपांनीं या प्रदेशांतील भूगत पाणी फार खालीं गेलें, आणि गार्डन सिटीजवळचें नदीचें पात्र बहुतेक काळ कोरडें राहूं लागलें. पूर्वीं भूमि नदीस देत होती; आतां नदींत जें थोडें पाणी येतें तें पात्रांतून भूमींत जिरतें. देणाराघेणाराची अदलाबदल झाली.

७

ही देवघेव खुद्द पात्राच्या तळाशीं कशी मोजावी, हा प्रश्न यामुळेंच पुढें आला. स्लिक्टर यांची रीति खोऱ्यांतील पाण्याची आडवी चाल सांगते. तळांतून वर किंवा खालीं किती पाणी जातें हें ती सांगत नाहीं. त्यासाठीं जे उपाय निघाले त्यांचें थोडक्यांत वर्णन करितों.

सर्वांत जुना उपाय नदीचा प्रवाह दोन ठिकाणीं मोजून वजाबाकी करण्याचा. वर १०० माप पाणी व खालीं ९६ आढळलें तर मधल्या टप्प्यांत ४ माप जिरलें. परंतु प्रत्येक मापनांतच शेंकडा पांच चूक संभवत असेल तर हे ४ खरे कीं चुकीचे, हें ठरविणें कठीण. मोठ्या दोन आंकड्यांच्या वजाबाकींतून लहान आंकडा काढण्यांतील हा नित्याचा धोका आहे.

दुसरा उपाय बारीक नळीचा. नळी पात्राच्या तळांत ठोकावयाची व तिच्यांतील पाण्याची उंची बाहेरील नदीच्या पातळीशीं ताडून पाहावयाची. आंतील पाणी उंच असेल तर भूमि नदीस देत आहे. नीच असेल तर नदी भूमीस देत आहे. दिशा तत्काळ कळते; परिमाण काढण्यास मात्र दार्सीचा गुणक लागतो, आणि तो तळाच्या वाळूंत हातोहात बदलतो. गाळाचा बोटभर थर बसला तरी जिरण्याचें मान पार उतरतें, व पुरानें तो धुऊन नेला कीं पुन्हा चढतें.

तिसरा उपाय झिरप प्रत्यक्ष धरण्याचा. यूटा संस्थानांत पाटांची गळती मोजण्यासाठीं इस्रायलसन व रीव्ह यांनीं असें साधन वापरून इ. स. १९४४ मध्यें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. डेव्हिड ली यांनीं इ. स. १९७७ मध्यें त्यास अगदीं सोपें रूप दिलें : लोखंडी पिंपाचा टोकाकडील भाग कापून तो तळाच्या वाळूंत पालथा दाबावयाचा व त्याच्या भोंकास पातळ पिशवी बांधावयाची. समजा, पिंपाखालीं पाव चौरस मीटर तळ झांकला गेला व एका तासांत पिशवींत एक लिटर पाणी आलें. तर तळांतून तासास ४ मिलिमीटर पाणी वर येत आहे. पाणी जिरत असेल तर आधीं भरून ठेवलेली पिशवी तितकी रिकामी होते. सरोवरांत हें साधन उत्तम चालतें. वाहत्या नदींत प्रवाहाच्या धक्क्यानें पिशवीच फसवते.

चौथा उपाय उष्णतेचा, आणि तो सर्वांत चतुर आहे. नदीचें पाणी दिवसा तापतें व रात्रीं निवतें. पाणी तळांतून खालीं जात असेल तर ही दैनिक भरती-ओहोटी पाण्याबरोबर वाळूंत खोलवर उतरते. भूगत पाणी वर येत असेल तर त्याचें शीतोष्णमान बहुधा स्थिर असल्यामुळें ती थोड्याच खोलीवर विरून जाते. वेगवेगळ्या खोलीवर तापमापक पुरून, लहर किती मंदावली व किती उशिरां पोंचली हें पाहिलें म्हणजे पाण्याची गति गणितानें निघते. जपानांत सुझुकी यांनीं भाताच्या खाचरांतील जिरप या तत्त्वावर काढून इ. स. १९६० मध्यें तें मांडलें. स्टॉलमन यांनीं १९६५ मध्यें त्याचें गणित पुढें नेलें. २००६ मध्यें हॅच व त्यांचे सहकारी यांनीं नदीच्या तळांतील दीर्घकालीन नोंदींस तें लागू करण्याची सोपी रीति दिली. नवसागर बाहेरून आणावा लागत होता. येथें सूर्यच रोज खूण पाण्यांत टाकतो. मात्र हाही उपाय एका जागेचीच साक्ष देतो, आणि पाणी सरळ खालीं-वर जातें असें गृहीत धरतो. म्हणून जाणते लोक एकाच साक्षीवर विसंबत नाहींत. चारही उपायांची जबानी ताडून पाहतात. जुन्या कागदांची सत्यता पारखणारांस ही रीति परकी वाटूं नये.

८

विहिरीमुळें नदी कशी घटते याचें गणित चार्ल्स थाइस यांनीं इ. स. १९४१ मध्यें मांडलें. नदीजवळ विहीर उपसूं लागलें म्हणजे आरंभीं पाणी भूमीच्या सांठ्यांतून येतें. पुढें पुढें त्यांतील नदीचा वांटा वाढत जातो. आणि उपसा थांबविला तरी कांहीं काळ नदी भूमीचें देणें फेडीतच राहते. क्रॉयडनच्या गिरणीवाल्यास जें अनुभवानें ठाऊक होतें व जें सिद्ध करूनही ज्याचा उपयोग झाला नाहीं, त्यास आतां आंकडा मिळाला.

आर्कन्सॉच्या वादांत याच आंकड्यानें पुढें काम केलें. मध्यंतरीं कोलोरॅडोनें इ. स. १९२८ मध्यें आणलेल्या फिर्यादीचा निकाल १९४३ मध्यें लागला, त्यांतही कॅन्ससच्या पदरीं विशेष कांहीं पडलें नाहीं. नंतर दोन्ही संस्थानांनीं इ. स. १९४८ मध्यें करार केला व १९४९ मध्यें काँग्रेसनें त्यास संमति दिली. नव्या कामांमुळें नदीचें उपयोगी पाणी ठळकपणें घटतां कामा नये, असें एक कलम त्यांत होतें. करारानंतर कोलोरॅडोंत नदीकांठच्या खोऱ्यांत विहिरींचा उपसा वाढला. इ. स. १९८५ मध्यें कॅन्ससनें पुन्हा सर्वोच्च न्यायालयाचें दार ठोठावलें. न्यायालयानें नेमलेल्या विशेष पंचापुढें वर्षानुवर्षें पुरावा चालला; खोऱ्यांतील पाऊस, पाट, विहिरी व झिरप यांचा हिशेब संगणकावर मांडण्यांत आला. इ. स. १९९५ मध्यें सरन्यायाधीश विल्यम रेन्क्विस्ट यांनीं निवाडा दिला. जलाशयाविषयींचे कॅन्ससचे दोन आरोप टिकले नाहींत. परंतु विहिरींच्या उपशानें नदी घटली व करार मोडला, हा आरोप सिद्ध ठरला. नुकसानभरपाईदाखल कोलोरॅडोनें इ. स. २००५ मध्यें ३ कोटी ४० लाख डॉलरांहून अधिक रक्कम भरली, व अंतिम हुकूमनामा इ. स. २००९ मध्यें झाला.

म्हणजे १९०१ मध्यें गुप्त नदीच्या कल्पनेवर जें मागितलें तें मिळालें नाहीं. पण नदी व विहीर यांचें पाणी एक आहे, हें मोजून दाखवितां आलें तेव्हां न्याय मिळाला. समजूत हरली व मापन जिंकलें. तथापि या विजयास एक खिन्न बाजूही आहे. भरपाई पैशांत झाली. मधल्या वर्षांत जें पाणी आलें नाहीं तें आलेंच नाहीं.

९

आपल्याकडे या प्रश्नाचें महत्त्व कमी नाहीं. महाराष्ट्रांत इ. स. १९९३ च्या कायद्यानें सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पांचशें मीटरांच्या आंत परवानगीवांचून विहीर काढण्यास प्रतिबंध केला, व पुढें इ. स. २००९ च्या अधिनियमानें भूजलाचा विचार अधिक व्यापक केला. झिरपतें पाणी खणणाराचें, या जुन्या सूत्रापासून कायदा हळूहळू दूर येत आहे. पण कायद्यास पुरावा लागतो, आणि तळांतील झिरप मोजण्याचीं साधनें आजचीं आहेत. शंभर किंवा दोनशें वर्षांपूर्वीं एखादा ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहत होता, हें तीं सांगूं शकत नाहींत. तें सांगणारे कागद आपल्यासारख्या संग्राहकांच्या रुमालांत असतात.

पाटाच्या पाळ्यांचे तंटे, बुडकीच्या जागेवरून झालेल्या कटकटी, नदीच्या वाळूंत झिरे पाडण्याची वहिवाट, देवस्थानाच्या कुंडास पाणी केव्हां आटलें याची नोंद, असे कागद आजवर आपण नांवांसाठीं, शिक्क्यांसाठीं व तिथींसाठीं पाहिले. त्यांतील पाण्याच्या ओळी बहुधा वगळल्या गेल्या. संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, असा कागद हातीं आल्यास स्थळ, मिति, महिना व पाण्याची खोली सांगणारा मजकूर पूर्ण उतरून घ्यावा, मग तो कितीही क्षुल्लक वाटो. आठ हजार पृष्ठांच्या दप्तरानें जें ठरलें नाहीं तें एका नळींतील कांट्यानें व पुढील नव्वद वर्षांच्या नोंदींनीं ठरलें, हें आपण पाहिलेंच. झिऱ्याची खोली लिहून ठेवणाऱ्या एखाद्या कुळकर्ण्याची एक ओळही उद्यां अशीच साक्षीस उभी राहील.